मेंदूतील गळू : मूळ फुप्फुसात असू शकते

मेंदूत पू साचून गळू झाले, की ते शस्त्रक्रियेने रिकामे करून काही आठवडे प्रतिजैविके दिली जातात. रुग्ण बरा होतो. परंतु जंतू तेथवर पोहोचले कसे, हा प्रश्न उरतोच. कान, सायनस, दात व हृदय यांत कारण आढळले नाही, तर फुप्फुसांकडे वळणे आम्ही आवश्यक मानतो.

शरीरभर फिरून आलेले रक्त फुप्फुसांतील अतिसूक्ष्म केशवाहिन्यांतून जाते. तेथे त्याला प्राणवायू मिळतो. शिवाय हे जाळे गाळणीचेही काम करते. दात काढताना रक्तात शिरलेले जंतू आणि बारीक गुठळ्या तेथे अडतात. काही व्यक्तींच्या फुप्फुसांत मात्र धमनी व नीला थेट जोडलेल्या असतात. या आडवाटेने रक्त न गाळताच हृदयाच्या डाव्या बाजूस व तेथून मेंदूत पोहोचते. परिणामी गळू होते किंवा पक्षाघाताचा झटका येतो. तोवर अनेकांना कोणताही त्रास जाणवलेला नसतो.

हा दोष बहुधा एका आनुवंशिक विकाराचा भाग असतो. रेंड्यू (१८९६), ऑस्लर (१९०१) व वेबर (१९०७) यांनी त्याचे वर्णन केले. सुमारे पाच हजारांत एकास तो असतो आणि बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. वारंवार घोळणा फुटणे आणि ओठ, जीभ वा बोटांच्या टोकांवर लाल ठिपके दिसणे, या त्याच्या खुणा होत. 'उष्णतेचा त्रास' म्हणून घरोघरी त्यांकडे दुर्लक्ष होते.

शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे सलाईन देऊन केलेल्या इकोकार्डिओग्राफीने ही आडवाट ओळखता येते. सीटी स्कॅनने तिची खात्री पटते. मग जांघेतील शिरेतून बारीक नळी फुप्फुसापर्यंत नेऊन धातूच्या कॉइलने ती बंद करतात. छाती उघडावी लागत नाही. त्यानंतरही नियमित तपासणी हवी. दंतोपचारांपूर्वी प्रतिजैविक घ्यावे लागते आणि शिरेतून औषध देताना हवेचा बुडबुडा जाणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते.

म्हणूनच रुग्णांच्या आप्तेष्टांना आमची विनंती आहे : घरात कोणास वारंवार घोळणा फुटत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. एका रुग्णाचे निदान झाले, की त्याच्या भावंडांची व मुलांचीही तपासणी करून घ्यावी. गळू होण्याआधीच ते टाळता येते.