हुनर आपला, सुटे भाग त्यांचे : कंपनीचा हक्क कोठवर?

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, वरवंड, पाटस या पट्ट्यात गाडी बिघडली की वाहनचालक जवळचे गॅरेज शोधतो. पण नव्या बनावटीची मोटार दारात आली की आपला मिस्त्री अडतो. हात तयार असतो. मात्र अस्सल सुटा भाग मिळत नाही आणि दोष शोधणारा कंपनीचा स्कॅनरही मिळत नाही. "डिझाईन आमचे, हक्क आमचा," असे कंपन्या सांगतात. हे उत्तर कायद्याला किती धरून आहे, ते आज आपण पाहू.

येथे दोन कायद्यांची गाठ पडते. पेटंट, डिझाईन, ट्रेडमार्क हे बौद्धिक संपदेचे हक्क होत. ज्याने डोके चालवले त्याला फळ मिळावे म्हणून पेटंटला २० वर्षे, तर नोंदलेल्या डिझाईनला जास्तीत जास्त १५ वर्षे संरक्षण मिळते. दुसरीकडे, १९६९ च्या मक्तेदारी कायद्याच्या जागी आलेला २००२ चा स्पर्धा कायदा आहे. पहिला कायदा आपल्या जमिनीला कुंपण घालू देतो. दुसरा ते कुंपण रस्त्यावर येऊ देत नाही. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(५) नुसार हक्काच्या रक्षणासाठी आवश्यक अशा वाजवी अटी घालता येतात. बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर रोखणाऱ्या कलम ४ मध्ये मात्र अशी सवलत नाही.

याच प्रश्नावर २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली. चौकशीअंती २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत पुण्यात कारखाना असलेली टाटा मोटर्स होती आणि शेजारच्या शिरूर तालुक्यातील रांजणगावची फियाटही होती.

कंपन्यांनी बौद्धिक संपदेची ढाल पुढे केली. आयोगाचे म्हणणे असे, की परदेशी मूळ कंपनीचा हक्क सांगून भागत नाही, तो भारतीय कायद्याखाली सिद्ध झाला पाहिजे. शिवाय तयार भाग खुल्या बाजारात विकल्याने त्याचे डिझाईन चोरीला जात नाही. एका कंपनीच्या गाडीला दुसरीचा भाग बसत नाही. म्हणून आपल्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी एकटीच धनी ठरते.

सुटे भाग व दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळावीत, असा आदेश आयोगाने दिला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही सांगितले. हक्क असलेल्या भागांवर रॉयल्टी घेण्याची मुभा कंपन्यांना राहिली. पुढे काही कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या. तीन कंपन्यांच्या अपिलात २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने दोष कायम ठेवला, पण दंड सुट्या भागांच्या उलाढालीवरच मोजावा असे ठरवले.

हा निकाल नकली मालाचा परवाना नव्हे, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यात माल भरून विकणे हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे; शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. स्वतःच्या नावाचा भाग "अमुक गाडीला बसतो" असे प्रामाणिकपणे सांगून विकणे ही वेगळी गोष्ट; अशा वापराला तोच कायदा वाव देतो. मात्र त्या भागावर कोणाचे पेटंट वा नोंदलेले डिझाईन नाही, याची आधी खात्री करावी.

आमची सूचना अशी. भाग नाकारला तर नकार लेखी मागा, ग्राहकाला पक्के बिल द्या, जुना भाग परत करा. तक्रार करणे एकट्याला जड जाते. पण गॅरेजवाल्यांची संघटनाही आयोगाकडे जाऊ शकते. हुनर हातात आहेच. त्याला कागदाची जोड दिली तर कंपनीपुढे बोलताना आपली बाजू भक्कम राहील.