तारीख उलटली, कळा नाहीत

प्रश्न : सुनेचे नऊ महिने नऊ दिवस भरून दोन दिवस झाले. कळा नाहीत. काय करावं?
– एक सासूबाई, सेनगाव तालुका, जि. हिंगोली

उत्तर : ताई, घाबरू नका. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजतात. पाळी १ जानेवारीची, तर तारीख ८ ऑक्टोबर. तुमच्या हिशेबाने १०. जुन्या बायकांचा अंदाज फारसा चुकलेला नाही. पण नेमक्या तारखेला शंभरात जेमतेम चार-पाच जणीच बाळंत होतात.

तरी सुरुवातीच्या सोनोग्राफीची फाइल घेऊन आजच तपासणी करा. ४१ आठवड्यांनंतर कळा आणायच्या का, हे डॉक्टर ठरवतात. ४२ च्या पुढे थांबणं बाळाला धोक्याचं. घरी एरंडेल पाजू नका.

बाळाची हालचाल मंदावली, पाणी किंवा रक्त गेलं, तर लगेच १०२ किंवा १०८ ला फोन करा. गाडी मोफत येते.