बादशहाच्या मृत्यूची नोंद

कोणी मरण पावले, तर 'तो मेला' असे आपण म्हणत नाही. मराठीत 'वारले', 'देवाघरी गेले' असे म्हणतात. उर्दूत 'इंतिकाल झाला' म्हणतात. मोगल दरबारातील कारकूनही असेच जपून लिहीत.

बादशहा अकबराने रोजची हकीकत लिहिण्यासाठी चौदा कारकून नेमले होते. रोज त्यांपैकी दोघांची पाळी असे. बादशहा काय बोलला, कोणाला काय दिले, हे सारे ते टिपत. पण बादशहाच वारला तर?

अशा वेळी लेखणी लगेच चालत नसे. जानेवारी १५५६ मध्ये दिल्लीत हुमायून ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याचा मुलगा अकबर तेरा वर्षांचा होता आणि दूर पंजाबात होता. बातमी फुटली असती तर बंडाळी माजली असती. म्हणून सरदारांनी मृत्यू लपवला. हुमायूनसारख्या दिसणाऱ्या एका माणसाला शाही पोशाख घालून लोकांना दुरून दाखवले. फेब्रुवारीत अकबराच्या नावाने खुतबा वाचला गेला, तेव्हा कुठे खरी गोष्ट उघड झाली.

नवा बादशहा गादीवर बसला, की कागदावरचा काळही बदलत असे. जुन्या राज्यवर्षांची मोजणी थांबे आणि नवी सुरू होई. अनेक नाण्यांवर पहिल्या वर्षासाठी आकडा नसून 'अहद' हा शब्द असे. सरदार नव्या बादशहाच्या नावाचे शिक्के करून घेत. ज्यांना जमिनी इनाम मिळाल्या होत्या, त्यांना मात्र काळजी लागे. जुन्या बादशहाचे फर्मान नवा बादशहा मानील का? जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला, तेव्हा वडिलांनी दिलेल्या जहागिरी त्याने कायम केल्या. तेव्हा कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल!

दिवंगत बादशहाचा उल्लेख पुढे बहुधा बिरुदाने होई. बाबर 'फिर्दोस-मकानी', हुमायून 'जन्नत-आशियानी', अकबर 'अर्श-आशियानी' झाला. आशियाना म्हणजे घरटे, हे तुम्हांला माहीत आहेच. जन्नतमध्ये ज्याचे घरटे आहे, तो जन्नत-आशियानी!

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे वारला. दौलताबादजवळच्या रौजा या गावी एका दर्ग्याच्या आवारात त्याची साधी कबर आहे. कागदोपत्री तो 'खुल्द-मकान' झाला. त्या बिरुदावरूनच रौजाला खुल्दाबाद म्हणजे आपले खुलताबाद हे नाव पडले, असे सांगतात. कारकुनांच्या लेखणीतला एक शब्द असा गावाचे नाव होऊन राहिला.

शब्दार्थ
हकीकत – घडलेली गोष्ट. बंडाळी – बंड, गोंधळ. बिरुद – मानाची पदवी. दिवंगत – वारलेला

स्वाध्याय
१. हुमायूनचा मृत्यू का लपवला गेला?
२. बादशहा बदलला की इनामदारांना कोणती काळजी वाटे?
३. 'सुटकेचा श्वास सोडणे' याचा वाक्यात उपयोग करा.