लवादाचे शिक्षण : लंडन की जिनिव्हा?

प्रश्न : मी कोल्हापुरात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आंतरराष्ट्रीय लवादात परदेशी एलएलएम करायचे आहे. कुठे जावे?

उत्तर : वाद कुणाचे हाताळायचे आहेत, यावर ते ठरेल. कंपन्यांमधल्या व्यापारी वादांसाठी लंडनचे क्वीन मेरी विद्यापीठ पाहा. तिथली आंतरराष्ट्रीय लवादाची शाखा १९८५ पासूनची आहे. देशादेशांतले तंटे आणि गुंतवणूक करार यांत रस असेल, तर जिनिव्हाचा ‘मिड्स’ अभ्यासक्रम अधिक जवळचा.

पण लगेच कर्ज काढून निघू नका, हे मी आग्रहाने सांगेन. आधी सनद घ्या आणि दोन वर्षे लवादाचे काम करणाऱ्या वकिलांकडे उमेदवारी करा. मुंबईत २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, तिथे इंटर्नशिपची चौकशी करा. १९९६ च्या आपल्या लवाद कायद्याचे कलम ३४, म्हणजे निवाडा रद्द करून घेण्याचा मार्ग, प्रत्यक्ष खटल्यात पाहिले की १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचे मोल वर्गात लवकर उमगते : परदेशातला निवाडा आपल्याकडे वसूल होतो तो याच करारामुळे.

आणि एक, नुसत्या एलएलएमने तिथे वकिली करण्याचा परवाना मिळत नाही. त्याच्या परीक्षा वेगळ्या.