बगदादच्या ज्यू लेखकांचे विस्थापन आणि भाषेचा प्रश्न

इराकमधील ज्यू समाजाचे वास्तव्य प्राचीन बाबिलोनच्या काळापासूनचे, म्हणजे इस्लामच्या उदयाहून हजारांवर वर्षे जुने होते. विसाव्या शतकात या समाजातील सुशिक्षितांनी वाङ्मयनिर्मितीसाठी अरबी भाषा स्वीकारली. अन्वर शाऊल यांनी १९२९ मध्ये बगदाद येथे सुरू केलेले ‘अल-हासिद’ हे नियतकालिक केवळ ज्यूंसाठी नव्हते. इराकी कथालेखनालाही त्याने वाव दिला. त्यामुळे या समाजाच्या विस्थापनाचा विचार भाषेला वगळून करता येत नाही.

जून १९४१ मधील ‘फरहूद’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दंगलीत बगदादमधील दीडशेहून अधिक ज्यू मारले गेले. १९४८ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर त्यांचे जीवन अधिकच असुरक्षित झाले. मार्च १९५० च्या कायद्याने नागरिकत्वाचा त्याग करून देश सोडण्याची मुभा त्यांना मिळाली. मार्च १९५१ मध्ये असा त्याग करणाऱ्यांची मालमत्ता गोठविण्यात आली. या दोन वर्षांत सुमारे १,२०,००० ज्यू इस्राएलमध्ये गेले. तेथे बहुतेकांच्या वाट्याला प्रथम छावणीतील जिणे आले आणि त्यांची मातृभाषा शत्रूची भाषा मानली गेली.

या पेचातून लेखकांनी वेगवेगळे मार्ग काढले. शिमॉन बल्लास यांनी हिब्रू आत्मसात करून १९६४ मध्ये छावणीजीवनावरील कादंबरी प्रसिद्ध केली. सामी मिखाएल यांची पहिली हिब्रू कादंबरी १९७४ मध्ये आली. समीर नक्काश (१९३८–२००४) यांनी मात्र अखेरपर्यंत अरबीतच लिहिले. त्यांची पात्रे बगदादच्या बोलींत बोलतात. ज्यूंची बोली मुसलमानांच्या बोलीहून वेगळी असल्याने तिचा अर्थ लेखकाला तळटीपांतून प्रमाण अरबीत द्यावा लागतो. जी बोली एकेकाळी घराघरांत सहज कळत होती, तिला आता स्पष्टीकरणाची गरज पडली, हे या तळटीपा दाखवितात.

भारतीय अभ्यासकाला येथे सिंधी साहित्याचे स्मरण होईल. १९४७ नंतर सिंधी लेखकांची भूमी सुटली. परंतु त्यांचा वाचक त्यांच्याबरोबर आला आणि १९६७ मध्ये सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. नक्काश यांच्याबरोबर आलेल्या समाजाची पुढची पिढी हिब्रूत वाढली. भूमी सुटल्यावरही साहित्य टिकू शकते; पण त्यासाठी ती भाषा वाचणारी पुढील पिढी असावी लागते, असे या दोन उदाहरणांच्या तुलनेतून दिसते.