गोव्याच्या क्रूझवर केबिन कुठल्या अंगाला?

मुंबई-गोवा क्रूझचं ठरलं की नात्यातलं कुणी ना कुणी मला फोन करतंच. पैशांचं जमलेलं असतं, तारीखही पक्की असते. अडलेलं असतं ते बाल्कनीवर. डावीकडची घ्यावी की उजवीकडची?

१. आधी दिशा बघा, मग घड्याळ. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला पोर्ट, उजव्या हाताला स्टारबोर्ड. दक्षिणेला जाताना कोकण डावीकडे, सूर्यास्त उजवीकडे. येताना उलट.

२. मुंबई सोडताना उजवी बाजू सरस, असं सगळे सांगतील. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी जहाज निघालं की गेटवे, ताज, कुलाबा आणि शेवटी प्राँग्जचं दीपगृह, सगळं उजवीकडून मागे सरतं. पुढे सूर्यही त्याच अंगाला बुडतो. पण मला विचाराल तर मी डाव्या कठड्याशी. ताजचे फोटो घरोघरी आहेत. इकडे उरणचा डोंगर सरला की उजेड असेतो लांबवर खांदेरी-उंदेरी ही बेटं शोधता येतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून खांदेरी बांधायला घेतला. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रज का बिथरले, हे पाण्यावरून बघितलं की नकाशा लागत नाही.

३. पण कोकण दिसेल म्हणून डावी केबिन घेऊ नका. रात्रीचा प्रवास, त्यात जहाज बरंच बाहेरून जातं. दिसले तर मच्छीमारांचे दिवे. आजोबांच्या पिढीला हर्णै, दाभोळ, जयगड दिसायचं, कारण त्यांची बोट तिथे थांबायची. (आणि त्यांना बाल्कनी नव्हती, वळकटी होती.)

४. सकाळी गोव्याच्या मुरगाव बंदरात शिरताना जहाज पूर्वेला वळतं. आग्वाद डावीकडे, मुरगावचं टोक उजवीकडे, सूर्य समोर. केबिन कुठलीही असो, डेकवर जा.

५. परतीच्या सकाळी मुंबई डावीकडे येते आणि ऊन उजवीकडून थेट पलंगावर. उशिरा उठणाऱ्यांनी डावी घ्यावी.

६. बाजूसाठी जास्तीचे पैसे मोजायचेच तर एकमार्गी प्रवासात मोजा. व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सिवर्डला जाताना पुढचा उघड्या समुद्रातला किनारा उजवीकडे राहतो. सिअ‍ॅटलहून जाऊन-येऊन असेल तर फिटंफाट. ग्लेशियर बेमध्येही मार्जरी हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी फिरवतात, म्हणजे दोन्ही अंगांना बर्फ बघायला मिळतो.

७. बोट लागत असेल तर डावं-उजवं सोडा. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन मागा. पैसे भरण्याआधी डेक प्लॅन उघडा. खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असली, तर समुद्राऐवजी तिचं नारिंगी छप्परच बघत बसाल. डोक्यावर कुठला हॉल येतो तेही बघून ठेवा. नाचगाण्याचा असेल तर दुसरी केबिन मागा.