परवाना आणि प्रतीक्षा

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही वसाहत सरकारी कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आणि स्वस्त कपड्यांचा बाजार यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथून जवळच सफदरजंग विमानतळाची जुनी धावपट्टी आहे. विलिंग्डन एअरफील्ड या नावाने १९२९ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळावरील प्रवासी वाहतूक १९६२ मध्ये पालमला गेली. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेत झालेल्या हल्ल्यांनंतर सुरक्षेच्या कारणास्तव येथील शिकाऊ उड्डाणेही थांबली. दिल्ली फ्लाइंग क्लबच्या अनेक पिढ्या याच धावपट्टीवर विमान चालविण्यास शिकल्या होत्या. आता येथे नवे वैमानिक घडत नाहीत. मात्र विमानतळासमोर, अरविंद मार्गावर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे कार्यालय असल्यामुळे वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या कागदपत्रांचा प्रवास आजही या परिसराशी निगडित आहे.

अशा तरुणाला विमान कंपनीत नोकरी मिळण्यास किती काळ लागतो? या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक भाग नियमांनी ठरविलेला असून त्याचा हिशेब मांडता येतो. दुसरा भाग बाजाराच्या चढउतारांवर अवलंबून असतो. तेथे हिशेब चालत नाही.

दोनशे तासांचा हिशेब

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि एकूण २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी किमान १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन उडावे लागते. त्यात २० तास दूरच्या प्रवासाचे असतात. असा एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा असावा आणि त्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरावे, अशी अट आहे. रात्रीचे उड्डाण आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण यांचेही तास ठरलेले आहेत. त्याखेरीज हवामानशास्त्र, मार्गनिर्धारण, हवाई नियम व विमानाचे तंत्र या विषयांच्या लेखी परीक्षांत ७० टक्के गुण मिळवावे लागतात. रेडिओ-दूरध्वनी वापरण्याचा परवाना आणि वैद्यकीय तपासणी यांतून कोणाचीही सुटका नसते.

रोज एक तास उड्डाण केले तर २०० तास सात महिन्यांत पूर्ण होतील, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात उत्तरेकडील हिवाळ्यातील धुके आणि महाराष्ट्रातील पावसाळा कित्येक आठवडे विमाने जमिनीवरच ठेवतात. एका विमानामागे अनेक विद्यार्थी असतात, प्रशिक्षक मोजके असतात आणि दुरुस्तीला गेलेले विमान ठरल्या दिवशी परत येतेच असे नाही. परीक्षांच्या तारखांचीही वाट पाहावी लागते. म्हणून बारामती असो, गोंदिया असो वा फुरसतगंज, परवाना हाती येईपर्यंत साधारणपणे दीड ते दोन वर्षे जातात आणि खर्च ४०-५० लाख रुपयांच्या घरात पोहोचतो.

परवाना आणि नोकरी यांमधील अंतर

परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. वस्तुतः हा परवाना लहान विमानावर मिळविलेला असतो. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ यांसारखे विमान चालविण्यासाठी त्या विशिष्ट प्रकारचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचा मोठा भाग सिम्युलेटरवर, म्हणजे विमानाच्या हुबेहूब प्रतिकृतीत, होतो. त्यानंतर कंपनीची निवड परीक्षा आणि प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणांवरील देखरेखीखालील काम हे टप्पे येतात. भरती खुली असेल तर हे सारे एका वर्षाच्या आत उरकते आणि शिक्षणाच्या प्रारंभापासून तीन वर्षांत तरुण सहवैमानिकाच्या आसनावर बसतो.

परंतु भरती नेहमी खुली नसते. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढील चार दशके नव्या वैमानिकापुढे मुख्यतः इंडियन एअरलाइन्स व एअर इंडिया ही दोनच दारे होती. खाजगी कंपन्यांनी अनेक दारे उघडली, पण ती अकस्मात बंदही होऊ लागली. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट या कंपन्यांची विमाने थांबली. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरीच्या शोधात निघाले आणि २०० तासांचा नवशिका रांगेत आणखी मागे ढकलला गेला. उलट २०२३ मध्येच इंडिगोने एका करारात ५०० विमानांची मागणी नोंदविली. विमान मागविणे आणि ते प्रत्यक्ष ताफ्यात येणे यांत मात्र वर्षे जातात.

प्रतीक्षेचा हा काळ फुकट जात नाही. त्याची किंमत मोजावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्राचे आणि उपकरणाधारित उड्डाणाच्या पात्रतेचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. हाताची सवय मोडते आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. अमेरिकेत २०१३ पासून प्रवासी कंपनीत प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे १५०० तासांची अट आहे. तेथील तरुण मधली वर्षे बहुधा प्रशिक्षकाचे काम करून तास जमवितो. तेथे प्रतीक्षा कायद्यानेच सांगितलेली आहे. भारतात ती कोणी सांगत नाही.

पुढची पायरी

नोकरी हाही शेवट नव्हे. विमानाचा कप्तान होण्यासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्यास २१ वर्षे वय आणि १५०० तासांचा अनुभव आवश्यक असतो. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली कलकत्ता-सिलचर मार्गावर केवळ महिला वैमानिकांचे उड्डाण झाले, तेव्हा निवेदिता भसीन सहवैमानिक होत्या. भसीन १९८४ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झाल्या आणि जानेवारी १९९० मध्ये मुंबईहून औरंगाबादमार्गे उदयपूरला जाणाऱ्या बोइंगच्या कप्तान झाल्या. प्रवेशापासून नेतृत्वापर्यंत सुमारे साडेपाच वर्षे लागली.

तात्पर्य, या व्यवसायाकडे वळणाऱ्या मुलाने वा मुलीने शिक्षणाला किती वर्षे लागतील एवढेच विचारून भागणार नाही. परवाना मिळाल्यानंतर एक-दोन वर्षे काम मिळाले नाही तर हप्ते कोण भरणार आणि परवाना जिवंत कसा ठेवणार, हेही घरात बसून आधीच ठरविले पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नियमपुस्तकात सापडते. दुसऱ्याचे उत्तर ज्या घराजवळ असते, त्या घरातील वैमानिक बहुधा अखेरपर्यंत टिकून राहतो.